सकाळी क्रोम उघडायला दीड मिनिट लागतंय? अँटीव्हायरस बंद करायच्या आधी हे करून बघा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, सातबारा, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज, भरतीचे फॉर्म, लाइट बिल, जे येईल ते. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक भाचा. सकाळी दहाला शटर वर गेलं की पाच मिनिटांत बाकावर चार माणसं बसलेली असतात आणि मी क्रोमवर डबल क्लिक करून मॉनिटरकडे बघत बसलेला असतो. गोल फिरतंय. परत फिरतंय. एक काका रोज पेपर वाचायला म्हणून येतात, ते पेपरातून मान वर न करता विचारणार, "काय वं, झोपलंय काय मशीन?"

एक दिवस वैतागून मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. डबल क्लिकपासून पहिलं पान टायपिंगला तयार व्हायला ८७ सेकंद. क्रोम बंद करून लगेच परत उघडलं तर ९ सेकंद. तेच मशीन, तेच क्रोम. मग अँटीव्हायरसचं चालू संरक्षण बंद केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि परत मोजलं, २४ सेकंद. म्हटलं सापडला चोर, आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी पहिलं काम म्हणजे अँटीव्हायरस बंद करणं.

त्याचं काय झालं ते आधी सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक आत्ता तेच करत असणार.

एक पोरगा पेनड्राइव्हवर बायोडाटा घेऊन आला. ड्राइव्ह उघडला तर आत एकच शॉर्टकट, त्याला पेनड्राइव्हचंच नाव. मी घाईत त्याच्यावर क्लिक केलं, फोल्डर उघडलं, प्रिंट काढली, पैसे घेतले, विषय संपला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठातली एक मुलगी परत आली, "दादा, काल तुमच्याकडनं प्रिंट काढून नेली आणि माझ्या पेनड्राइव्हमधलं प्रोजेक्टच गायब झालंय." तिचा चेहरा बघून माझ्या पोटात गोळा आला. हा तो जुना शॉर्टकट व्हायरस, झेरॉक्सच्या दुकानांतून गावभर फिरणारा. तो फाइली पुसत नाही, लपवतो, आणि त्यांच्या जागी स्वतःचा शॉर्टकट ठेवतो. आपण क्लिक केलं की आधी तो चालतो आणि मग आपलं फोल्डर दाखवतो म्हणून कुणाला शंका येत नाही. कमांड प्रॉम्प्टमधून ॲट्रिब कमांड मारून तिच्या फाइली दिसत्या केल्या, प्रोजेक्ट सुखरूप निघालं, पण माझ्या मशीनमधून त्या आठवड्यात किती पेनड्राइव्ह गेले असतील याचा हिशोब कोण लावणार. दोन दिवस दुकान अर्धं बंद ठेवून साफसफाई केली आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन करकरून सांगितलं की पेनड्राइव्ह तपासून घ्या.

सकाळची साठ सेकंद वाचवायला गेलो आणि दोन दिवस घालवले. तेव्हापासून अँटीव्हायरस बंद करायचा नाही हे ठरलेलं आहे, बाकी सगळं हलवता येतं. माझे ८७ सेकंद अँटीव्हायरस चालू ठेवूनच कसे उतरले ते आता सांगतो.

पहिल्यांदा हे समजून घ्या की मशीन अडकतं कुठं. अँटीव्हायरसचं चालू संरक्षण म्हणजे काय, तर कुठलाही प्रोग्रॅम फाइल उघडायला गेला की विंडोज मध्येच अँटीव्हायरसला विचारतं, बघ रे ही बरी आहे का, तो बघतो, मग फाइल उघडते. आणि ब्राउझर म्हणजे एक फाइल नसते. क्रोमची एकटी मुख्य डीएलएलच, म्हणजे त्याचा कोड असलेली फाइलच, दोनेकशे एमबीच्या घरात जाते, वर तुमची हिस्टरी, कुकी, एक्स्टेंशनांच्या, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या बारक्या प्रोग्रॅमांच्या, बारक्या बारक्या फाइली, कॅशमधला, म्हणजे आधी बघितलेल्या साइटींचा साठवून ठेवलेला, भंगार माल. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाच्या दारात मेटल डिटेक्टरशी उभा राहिलेला पोलिस आठवा. तो काय सुस्त नसतो, एका माणसाला त्याला दोन सेकंद लागतात, पण सगळं गाव एकदम आलं की रांग बाहेर रस्त्यावर जाते.

मग दुसऱ्यांदा उघडताना ९ सेकंदच का? दोन कारणं. एक म्हणजे विंडोजने त्या फाइली रॅममध्ये धरून ठेवलेल्या असतात, डिस्कवर परत जावंच लागत नाही. दुसरं म्हणजे अँटीव्हायरस एकदा तपासलेली फाइल लक्षात ठेवतो, ती बदलली नाही तर परत परत तपासत बसत नाही. पण व्हायरसच्या नवीन व्याख्या उतरल्या, म्हणजे त्याचं ते रोजचं अपडेट झालं, की जुनी यादी बाद, कारण कालपर्यंत बरी वाटलेली फाइल आजच्या माहितीने वाईट निघू शकते. आता दुकानातलं मशीन रात्रभर बंद. सकाळी चालू झालं की विंडोज उठतंय, अँटीव्हायरस अपडेट ओढतोय, रात्रीचं चुकलेलं स्कॅन भरून काढायच्या तयारीत आहे, प्रिंटरचं सॉफ्टवेअर उठतंय, आणि त्याच मिनिटाला आपण क्रोमवर क्लिक करतोय. म्हणजे मारामारी अँटीव्हायरस आणि क्रोमची नाही, एकाच डिस्कवर पाच जणांनी एकदम उडी मारलीय. बहुतेक उपाय त्या पाच जणांना वेगवेगळ्या वेळी पाठवायचेच आहेत.

आधी मोजा, मग हात लावा

हे लोक करत नाहीत आणि मग "मला वाटतंय फास्ट झालं" म्हणतात. एक वही घ्या. मशीन शट डाऊन करून चालू करू नका, रीस्टार्ट करा, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये सिस्टीमचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवतात आणि पुढच्या वेळी तोच उचलतात, खरा कोरा आरंभ रीस्टार्टलाच मिळतो. डेस्कटॉप आल्यावर लगेच एकदा क्रोम उघडून वेळ लिहा. परत रीस्टार्ट, या वेळी पाच मिनिटं कशालाही हात न लावता थांबा आणि मग उघडून वेळ लिहा. मग क्रोम बंद करून लगेच परत उघडा आणि तिसरा आकडा लिहा.

माझे आकडे होते ८७, ३१ आणि ९. मशीन साधं, आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक म्हणजे सकाळची गर्दी. तो मोठा असेल तर तुमचा प्रॉब्लेम वेळापत्रकाचा आहे. दुसरा आकडाच मोठा असेल तर डिस्क किंवा ब्राउझरचं ओझं. आणि तिसरा, म्हणजे लगेच परत उघडल्यावरचासुद्धा पंधरा-वीसच्या वर असेल तर एक्स्टेंशनं किंवा रॅम बघा, अँटीव्हायरसच्या मागं लागू नका.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या कॉलमवर क्लिक करा म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा वर येईल. मशीन चालू झाल्या झाल्या तिथं डिस्क १०० टक्के दिसली तर घाबरू नका, फिरणाऱ्या डिस्कला तेच होतं. बघायचं एवढंच की वर कोण आहे. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल असं नाव दिसलं तर तो विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. तोच तासभर वर बसलेला असेल तर त्याचं स्कॅन चालू आहे. पण माझ्याकडं वर कोण निघालं असेल? प्रिंटरच्या कंपनीचा अपडेटर आणि वर्षापूर्वी संपलेल्या एका ट्रायल अँटीव्हायरसची सर्व्हिस. पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस वेगळाच होता.

एका हौदात एकच पैलवान

त्यामुळं सगळ्यात आधी हे बघा की घरात अँटीव्हायरस किती आहेत. विंडोज सिक्युरिटी उघडा, खाली सेटिंग्जमध्ये जाऊन मॅनेज प्रोव्हायडर्सवर क्लिक करा, तिथं यादी दिसते. डिफेंडर समजूतदार आहे, दुसरा नीट नोंदलेला अँटीव्हायरस आला की तो आपोआप बाजूला होतो. पण बाहेरचे दोन टाकले तर ते एकमेकांसाठी बाजूला होत नाहीत. एकच फाइल दोघं तपासतात, वर एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसरा तपासतो, आणि क्रोम बाहेर उभं. दोन टाकले की संरक्षण डबल होतं असं कुणी सांगितलं तर त्याला खासबागेच्या कुस्ती मैदानात एका हौदात दोन वस्ताद सोडून कुस्ती शिकवायला सांगा.

लॅपटॉपबरोबर फुकट आलेला ट्रायल, मुदत संपलेला, कोपऱ्यात लाल चिन्ह घेऊन बसलेला, तो तर सगळ्यात वाईट. नवीन व्याख्या येत नाहीत म्हणजे संरक्षण नावापुरतं, पण त्याची सर्व्हिस आणि ड्रायव्हर मात्र रोज सकाळी हजर. तो काढा. नुसतं अनइन्स्टॉल करून बऱ्याचदा शेपूट राहतं म्हणून त्या त्या कंपनीच्या साइटवर स्वतःचं रिमूव्हल टूल असतं ते उतरवून चालवा आणि रीस्टार्ट करा. टूल कंपनीच्याच साइटवरनं घ्या, गूगलवर पहिली दिसली त्या जाहिरातीवरनं नको, नाहीतर व्हायरस काढायला गेला आणि व्हायरस घेऊन आला.

मग ठेवायचा कुठला? यावर आमच्या लाइनमध्ये वाद घालायला बसलं तर चहाचे चार राउंड होतात. पुण्याच्या क्विक हीलचं नाव आपल्याकडं घराघरांत आहे, १९९३ साली कैलास काटकरांनी कॉम्प्युटर दुरुस्तीतनं सुरू केलेली कंपनी, रहिमतपूरचा माणूस, त्यामुळं लोकांना आपुलकी पण वाटते. पैसे भरून घेतलेला असेल आणि मुदत चालू असेल तर तो ठेवा, डिफेंडर गप बसेल. पैसे भरायचे नसतील तर विंडोज १० आणि ११ मधला डिफेंडर साध्या वापराला पुरतो असं माझं मत आहे, आणि ४ जीबीच्या मशीनवर मी आता तोच ठेवतो. कुठलाही ठेवा, पण एकच ठेवा आणि त्याचं अपडेट चालू ठेवा.

अपडेटवरून एक आठवलं. फायरफॉक्स ब्राउझर वापरणाऱ्यांची कित्येक वर्षं तक्रार होती की फायरफॉक्स चालू असताना डिफेंडर प्रोसेसर खातोय. तक्रार नोंदली गेली होती २०१८ ला आणि मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्त केली २०२३ मध्ये. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या इंजिनिअरने तेव्हा सांगितलं की फायरफॉक्स वापरताना डिफेंडरचा प्रोसेसरवरचा भार सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होईल. पाच वर्षं लोक सेटिंगा बदलत बसले आणि शेवटी ते गेलं एका अपडेटने. म्हणून अपडेट बंद करून मशीन फास्ट होतं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

वेळ बदला

माझ्याकडं सगळ्यात जास्त फरक इथं पडला आणि याला एक रुपया लागत नाही. विंडोजची आपोआप देखभालीची ठरलेली वेळ असते रात्री २ ची. अमेरिकेत कुणाच्या तरी घरी मशीन रात्रभर चालू असेल, आपल्याकडं दुकान बंद करताना मेन स्विचच खाली पाडतात. मग रात्री २ चं काम होतंच नाही आणि विंडोज ते दुसऱ्या दिवशी जागा मिळेल तसं उरकायला बघतं. कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्स, त्यात ऑटोमॅटिक मेंटेनन्स, तिथं वेळ बदलता येते. मी दुपारी २ ठेवलीय. त्या वेळेला आम्ही डबा खातो, मशीन चालू आणि मोकळं असतं, काय तपासायचं ते तपास बाबा निवांत.

डिफेंडरचं ठरलेलं स्कॅन वेगळं लावायचं असेल तर टास्क शेड्युलरमध्ये जा, लायब्ररीखाली मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात विंडोज डिफेंडर, तिथं शेड्युल्ड स्कॅन नावाचं काम दिसेल, त्याला ट्रिगर जोडून आठवड्यातनं एक दिवस दुपारची वेळ द्या. क्विक स्कॅन पुरतं. चालू संरक्षण सुरू असेल तर प्रत्येक फाइल उघडताना तपासली जातेच, त्यामुळं रोज फुल स्कॅन लावणं म्हणजे रोज घराला रंग देण्यासारखं आहे. फुल स्कॅन संशय आला तर करा, किंवा महिन्यातनं एकदा, कामाच्या वेळेत मात्र नको. बाहेरच्या अँटीव्हायरसमध्ये त्याच्याच सेटिंगमध्ये शेड्यूल असतं, तिथं "मशीन चालू झाल्यावर स्कॅन करा" अशा अर्थाची खूण असेल तर ती काढा, आणि "अपडेट झाल्यावर लगेच स्कॅन" असेल तर ती पण. यात चालू संरक्षणाला कुठंही धक्का लागत नाही, फक्त झाडून घेण्याची वेळ बदलली.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप नावाचा टॅब आहे, तिथं कोण कोण सकाळी आपोआप उठतं त्याची यादी आणि कुणाचा किती परिणाम ते पण दिसतं, हाय, मीडियम, लो. प्रिंटरचा अपडेटर, मीटिंगचं ॲप, गाण्यांचं ॲप, सगळं डिसेबल करा. अँटीव्हायरसची ओळ मात्र सोडा. काय आहे ते कळत नसेल तर त्यालाही हात लावू नका, भाच्याने एकदा कौतुकाने सगळंच डिसेबल केलं आणि टचपॅड गेलं.

आणि एक बिनपैशाची युक्ती, हसाल पण करून बघा. पूर्वी मी शटर उघडायचो, झाडायचो, पाणी मारायचो, अंबाबाईच्या फोटोला उदबत्ती लावायचो आणि शेवटी कॉम्प्युटर चालू करायचो. आता आत शिरल्या शिरल्या आधी मशीनचं बटण, आणि क्रोमवर एकदा क्लिक करून सोडून द्यायचं. मग झाडू, पाणी, उदबत्ती. तेवढ्यात सात-आठ मिनिटं जातात, रांग आपोआप सरते, आणि पहिलं गिऱ्हाईक बसेपर्यंत क्रोम रॅममध्ये गरम होऊन तयार असतं. ८७ मधले निम्म्याहून जास्त सेकंद असे माझ्या डोळ्याआड गेले.

ब्राउझरचं पोट

लोक अँटीव्हायरसला शिव्या देतात आणि ब्राउझरमध्ये अठरा एक्स्टेंशनं असतात. क्रोममध्ये एक्स्टेंशनांच्या पानावर जा आणि प्रत्येकाला विचारा, तू मागच्या महिन्यात काय केलंस. माझ्याकडं पीडीएफ करणारे तीन निघाले, कूपन शोधणारं एक निघालं, ते कुणी टाकलं देव जाणे. प्रत्येक एक्स्टेंशन म्हणजे क्रोम उघडताना वाचायच्या फाइली वाढल्या, आणि अँटीव्हायरसला तपासायच्या पण. वर फालतू एक्स्टेंशन हाच धोका असतो, कारण "तुम्ही बघता ती सगळी पानं वाचायची" परवानगी आपण न वाचताच हो म्हणून टाकतो. म्हणजे इथं वेग आणि सुरक्षा दोन्ही एका दगडात.

अँटीव्हायरस पण स्वतःचं एक एक्स्टेंशन ब्राउझरात घुसवतो, सर्चच्या निकालांपुढं हिरवी खूण दाखवणारं. ते काढलं तरी चालतं असं माझं मत. वाईट साइट अडवायचं काम क्रोममधलं सेफ ब्राउझिंग आणि मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधलं स्मार्टस्क्रीन करतंच, ती मात्र चालू ठेवा. शिवाय असले बाहेरचे प्रोग्रॅम क्रोमच्या आत स्वतःचा कोड घुसवतात हे गूगललाही झोंबलं होतं. २०१७ ला त्यांनीच सांगितलं की विंडोजवर ज्यांच्याकडं असा कोड घुसवणारं सॉफ्टवेअर आहे त्यांचं क्रोम क्रॅश व्हायची शक्यता १५ टक्के जास्त, आणि मग पुढं टप्प्याटप्प्याने ते अडवायला सुरुवात केली.

क्रोम उघडल्यावर कालचे सगळे टॅब परत येतात का? सेटिंगमध्ये ऑन स्टार्टअपला "जिथं सोडलं तिथून" ऐवजी नवीन टॅब ठेवा. तीस टॅब सांभाळायचे असतील तर बुकमार्क कशाला आहेत. क्रोमच्याच सेटिंगमध्ये सिस्टीमखाली "क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवा" असं एक बटण आहे आणि एजमध्ये स्टार्टअप बूस्ट आहे, दोन्हींचा उद्देश असा की ब्राउझर थोडा आधीच जागा राहावा. रॅम ८ जीबी किंवा वर असेल तर चालू ठेवा, खरंच पटकन उघडतं. ४ जीबी असेल तर बंद करा, तिथं तो जागा राहून दुसऱ्याची जागा खातो.

कॅश रोज पुसणाऱ्यांनी थांबा. कॅश पुसली की पहिल्यांदा उघडताना सगळं परत उतरवायचं, परत लिहायचं आणि नवीन फाइल म्हणून अँटीव्हायरसने परत तपासायचं. वर्षातनं एखाद्या वेळेस, एखादी साइट वेडंवाकडं दिसायला लागली तर पुसा.

अपवादाची यादी, इथं सांभाळून

आता तो सल्ला, जो तुम्हाला शंभर ठिकाणी मिळेल. "अँटीव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये क्रोम टाका, राकेट होतंय." होतंय, खोटं नाही. पण काय केलंत ते बघा. डिफेंडरमध्ये एखादा प्रोसेस अपवादात टाकला की त्या प्रोसेसने उघडलेल्या, लिहिलेल्या फाइली चालू संरक्षण तपासत नाही. म्हणजे क्रोमने उतरवलेली प्रत्येक गोष्ट उतरताना तपासणीविना आत. ज्या दारातनं बरीचशी घाण येते त्याच दारातला पोलिस घरी पाठवला. डाऊनलोडचं फोल्डर, टेंप फोल्डर, पेनड्राइव्हचं अक्षर, यातलं काहीही अपवादात टाकू नका. क्रोमचं प्रोफाइल फोल्डर पण नको, कुकी आणि सेव्ह केलेले पासवर्ड तिथंच असतात आणि चोर सॉफ्टवेअर पहिलं तिथंच हात घालतं. गिऱ्हाइकांचे आधार आणि बँकेचे लॉगिन ज्या मशीनवर होतात तिथं तर हा विचारच नको.

अपवाद कधी चालेल? टॅलीचा डेटा फोल्डर, किंवा स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमचं फोल्डर, जिथं बाहेरून काही येत नाही आणि सॉफ्टवेअरवालाच सांगतो की टाका. तेवढंच.

एचटीटीपीएस स्कॅनिंगचं मात्र थोडं वेगळं आहे. काही अँटीव्हायरस ब्राउझर आणि साइटच्या मधे बसून लॉक लावलेली वाहतूक उघडून बघतात, त्यासाठी मशीनमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट टाकतात. याने ब्राउझर उघडायला उशीर होत नाही, पण उघडल्यावरचं पहिलं पान रेंगाळतं आणि आपण म्हणतो ब्राउझर स्लो. ते बंद करून मोजा. फरक दोन-तीन सेकंदांचा असेल तर चालू राहू दे. फरक जास्त असेल आणि ब्राउझर अपडेटेड असेल तर मी ते बंद ठेवतो, कारण फाइल डिस्कवर उतरली की चालू संरक्षण तिला तसंही तपासतंच. हे माझं मत, तुमच्याकडं लहान पोरं वाट्टेल तिथं क्लिक करत असतील तर राहू द्या.

एवढं करून माझे आकडे झाले ३४, १९ आणि ७. अँटीव्हायरस पूर्ण चालू.

मग दिवाळीला एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवाली डिस्क टाकली. खरं सांगायचं तर हेच आधी करायला पाहिजे होतं, पण खर्च म्हणून टाळत होतो. फिरणाऱ्या डिस्कमध्ये सुई इकडून तिकडं हलवावी लागते, विखुरलेल्या बारक्या फाइली ती सेकंदाला शंभरेक वाचते, एसएसडी त्याच वेळात हजारोंनी वाचते. ब्राउझर उघडणं आणि अँटीव्हायरसचं तपासणं दोन्ही म्हणजे बारक्या फाइलींचाच खेळ, त्यामुळं दोघांचं भांडणच मिटलं. मशीन उठल्या उठल्या क्रोम ८ सेकंदांत. बरोबर रॅम पण ८ जीबी केली. तुमच्याकडं अजून फिरणारी डिस्क असेल आणि वर्षभर तरी मशीन वापरायचं असेल तर वरचं सगळं करा आणि पैसे जमले की पहिली एसएसडी. नवीन अँटीव्हायरस विकत घेऊन वेग येत नसतो.

मशीन फारच जुनं असलं तर वेगळी गोष्ट. विंडोज ७ वर क्रोमचं शेवटचं व्हर्जन १०९, त्याच्यापुढं ब्राउझरला दुरुस्त्या मिळत नाहीत, तिथं अँटीव्हायरस कितीही राबवला तरी भिंतीलाच भोक आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर बँकिंग करू नका, टायपिंगला आणि प्रिंटला ठेवा.

सगळं झाल्यावर एक शेवटचं तपासून घ्या, की एवढ्या सेटिंगा बदलताना संरक्षण खरंच चालू राहिलंय का. त्यासाठी आयकार नावाची एक चाचणी फाइल असते, ६८ अक्षरांची, अजिबात निरुपद्रवी, पण सगळे अँटीव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून पकडतात. आयकार संस्थेच्याच साइटवर ती मिळते. उतरवायला गेलात आणि अडवली तर पोलिस दारात आहे. निवांत उतरली आणि उघडली तर कुठलं तरी बटण चुकून बंद झालंय, मागं जाऊन बघा.

फक्त ती चाचणी करताना दुकानात सांगून करा. मी न सांगता केली आणि स्क्रीनवर मोठा इशारा आला, भाच्याने धावत जाऊन थेट भिंतीतला पिन उपसला, आणि ते पेपरवाले काका पहिल्यांदाच पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आता खरं झोपलं बघा."